एकतीस सप्टेंबर

४ ऑगस्ट

ही रोजनिशी डाव्या हातानं लिहितोय. उजवा रजेवर आहे. जूनमध्ये मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, तेव्हापासून तो मांडीवर पडून असतो. पाय बराच सुधारला. बोलणं एक दिवसही बंद पडलं नाही, याबद्दल बायकोला वाटावा तितका आनंद वाटत नाही. वाक्यं तोकडी होतील. डाव्या हाताला लांब वाक्यांची सवय नाही.

संकल्प: ३ नोव्हेंबरला कंपनीच्या डॉक्टरांसमोर फिटनेसची परीक्षा. उजव्या हातानं मोठ्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह पूर्ण फिरवून बंद करायचा आणि त्याच हातानं रजिस्टरमध्ये नोंद करायची. जमलं तर शीतगृहातली माझी शिफ्ट मला परत. नाही जमलं तर गेटवर स्टूल आणि आल्यागेल्याला सलाम, तोही डाव्या हातानं. एकतीस वर्षं शिफ्ट इन्चार्ज असलेला माणूस गेटवर बसणार नाही. विषय संपला.

६ ऑगस्ट

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे ट्रायल चालू होतेय. कमरेच्या हाडातून थोडा मगज काढायचा, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या, गोठवून ठेवायच्या, मग सलाइनमधून परत माझ्यातच सोडायच्या. बारा पेशंट निवडलेत. त्यात मी. निवड करताना काहीतरी पाहिलंच असेल.

बाईंनी स्वच्छ सांगितलं की हा प्रयोग आहे, फायदा होईलच असं नाही. पेशी म्हणजे नवा मेंदू नव्हे. झाली तर दुरुस्तीला थोडी मदत होईल, खरं काम रोजच्या व्यायामानंच होणार. हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी सारांश लिहून घेतला: दुरुस्ती पेशी करणार.

ही म्हणाली, यांच्या कमरेला जन्मभर बसायचीच सवय, तिथल्या पेशी वर जाऊन काय उजेड पाडणार? डॉक्टरीणबाई हसल्या. परक्या लोकांसमोर बोलताना हिनं जरा भान ठेवायला हवं.

१२ ऑगस्ट

मगज काढला. भूल देतात, पण हाडाला ते कळतं. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. हिचं म्हणणं, खालच्या मजल्यावरच्या चौकशी खिडकीपर्यंत ऐकू आलं. तो दुसरा कुणीतरी असणार.

१३ ऑगस्ट

आज फिजिओथेरपिस्ट भेटली. उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज कवायतीच्या मैदानावरचा. मनातल्या मनात मी तिचं नाव हवालदार ठेवलंय. तिनं कपड्यांचे बारा चिमटे, एक टॉवेल आणि एक कोरी वही दिली. रोज साठ मिनिटं. उजव्या हातानं चिमटे खोक्याच्या कडेला लावायचे, काढायचे, ओला टॉवेल पिळायचा. मग वहीत तारीख, मिनिटं, चिमटे किती लागले ते लिहून सही. पेशींचा उपयोग झाला की नाही, हे ठरवताना ही वही लागणार. तिनं ते दोनदा बजावलं.

वही हातात घेतल्यावर बरं वाटलं. नोंदी हा माझा प्रांत. आमच्याकडे आठ खोल्या, दर दोन तासांनी प्रत्येकीचं तापमान रजिस्टरमध्ये. एकतीस वर्षांत एक रकाना रिकामा नाही. इथं कोण वाचणार आहे म्हणून लिहितो: दर दोन तासांनी आठ खोल्यांत हिंडलो असतो तर मीच गोठलो असतो. यंत्र चालू आहे, दार बंद आहे, तापमान पळून कुठे जाणार? शिफ्टच्या सुरुवातीलाच सगळं भरून ठेवायचं. मात्र सगळीकडे दोन-दोन लिहायचं नाही. कुठे दोन पूर्णांक एक, कुठे एक पूर्णांक नऊ. दोन पेनं वापरायची. मधे एखादा अंगठ्याचा डाग. तपासणीचे साहेब मान डोलावून जात.

१४ ऑगस्ट

व्यायाम: आठ मिनिटं. पहिलाच चिमटा सोफ्याखाली गेला. तो काढण्यात पाच मिनिटं गेली. ती पाच यात धरली आहेत.

विचार केला. पेशी अजून लॅबमध्येच आहेत. त्या यायच्या आधी व्यायाम म्हणजे गाडी यायच्या आधीच डबा शोधत प्लॅटफॉर्मवर पळण्यासारखं. वही मात्र रिकामी राहता कामा नये. ऑगस्टअखेरपर्यंत भरून टाकली.

२० ऑगस्ट

ही नऊ ते पाच वाचनालयात असते. आज विचारत होती की व्यायाम कधी करता. म्हटलं, तू गेल्यावर. मग ती चिमट्यांवर बोट फिरवून बोटाकडे बघत बसली. धूळ काय, कशावरही बसते.

शिवाय व्यायाम मनातल्या मनात केला तरी चालत असावा. बिघाड मेंदूतच आहे. आज मनात चाळीस मिनिटं केला. शेवटी शेवटी डुलकी लागली, पण चिमटे सगळे लागले होते.

२५ ऑगस्ट

साप्ताहिक तपासणी. हवालदारनं वही गेल्या आठवड्याच्या पानावर उघडली आणि तिचा चेहराच बदलला. अठ्ठावन्न, साठ, त्रेसष्ट, साठ. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना तिनं वाचून दाखवलं. हात फारसा सुधारलेला दिसत नाही, पण काकांची चिकाटी बघा, म्हणाली. संकोच वाटला. पण खोटा विनय माझ्यात नाही, म्हणून उठून उभा राहिलो.

शेजारी एक बाई होत्या. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली, आता निवृत्त. त्यांचाही उजवा हात गेलाय, आणि शब्दही एकेक करून येतात. मी त्यांना कंडक्टरबाईच म्हणतो. त्यांच्या वहीत रोज वीस मिनिटं. त्यांनी विचारलं, "रोज... साठ?" म्हटलं, एखाद्या दिवशी पासष्टही होतात, सवयीचा प्रश्न आहे. त्या बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होत्या. बिचाऱ्या.

१ सप्टेंबर

सप्टेंबरची एकतीस पानं एका बैठकीत पूर्ण. पेनं तीन. नऊ तारखेच्या पानावर कपाचा गोल. एकोणीसला लिहिलं, "थोडं दुखलं, तरी केला." असं एखादं वाक्य लागतं, त्याशिवाय वाचणाऱ्याला जिव्हाळा वाटत नाही. लिहायला पन्नास मिनिटं लागली, हात भरून आला. म्हणजे आजचा व्यायाम झालाच, हात दुसरा एवढंच.

८ सप्टेंबर

आज माझ्या पेशी बघायला गेलो. म्हणजे ज्या पिंपात त्या आहेत ते पिंप. काचेपलीकडे जाड हातमोजे घातलेला टेक्निशियन होता. त्यानं झाकण उघडून दाखवलं, पांढरी वाफ बाहेर आली. उणे एकशे नव्वद. मी आयुष्यभर अधिक दोनवर राज्य केलं, पण याच्यापुढे टोपी काढावी लागते.

दारापाशी फ्रीझरचं रजिस्टर टांगलेलं होतं. सहज नजर टाकली आणि पुढे सरकून पुन्हा बघितलं. चौदा दिवसांच्या नोंदी. एकच पेन, एकच तिरकेपणा, एकच दाब. एकही खाडाखोड नाही. सगळीकडे उणे एकशे नव्वद. हे एका बैठकीतलं काम आहे. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळतं. आणि त्यातही कष्ट घेतलेले नाहीत. माणसानं निदान एकदा तरी उणे एकशे एकोणनव्वद लिहावं.

टेक्निशियन म्हणाला, काळजी करू नका काका, सगळं ठीक आहे. अगदी याच सुरात मी तपासणीच्या साहेबांना हेच सांगत आलोय.

९ सप्टेंबर

चहा गेला नाही. फ्रीझर एखादा दिवस बंद पडला असेल तर? कुणी बघितलंच नसेल तर? मेलेल्या पेशी माझ्यात सोडतील आणि वर सांगतील, तुमच्या हातातच दम नव्हता. न बघता आकडे लिहिणारा माणूस असतो तरी कसा? कुणाचा तरी हात त्यावर अवलंबून असतो, एवढंही कळू नये? आमच्या शीतगृहातली सफरचंदं ही वेगळी गोष्ट.

आज मी खरोखर घाबरलो. तासभर उजव्या हाताकडे बघत बसलो. त्याला यातलं काही माहीत नाही.

१० सप्टेंबर

कृती. हॉस्पिटलच्या तक्रारपेटीत निनावी पत्र टाकलं. "फ्रीझरच्या नोंदी न बघता भरल्या जातात. चौकशी व्हावी. एक जागरूक पेशंट." नाव नाही, पत्ता नाही. पत्र लिहिलं डाव्या हातानं, म्हणजे अक्षर कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. माझं अक्षर म्हणजे उजव्या हाताचं, आणि ते इथं कुणी पाहिलेलंच नाही.

१६ सप्टेंबर

पत्राची दखल घेतली गेली. ऑडिटची दोन माणसं आली आहेत, चष्म्याच्या बाई आणि फायली उचलणारे गृहस्थ. फ्रीझर सील. अठरा तारखेला पेशी सोडायच्या होत्या, ते चोवीसवर गेलं. बाकावर सगळे कुरकुरत होते. कंडक्टरबाईंनी विचारलं, "कुणी... केलं हे?" म्हटलं, कुणीतरी प्रामाणिक माणूस असणार.

टेक्निशियनचा चेहरा उतरलाय. पाठीवर हात ठेवून मी त्याला धीर दिला. नोंदी खऱ्या असतील तर भिण्याचं कारण नाही, असं म्हणालो.

१९ सप्टेंबर

ऑडिट संपलं. फ्रीझरला कॉम्प्युटर जोडलेला आहे आणि तो मिनिटामिनिटाचं तापमान आपोआप साठवतो. सगळं काढून बघितलं, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. टेक्निशियन रोज खिशातल्या वहीत खरडतो आणि दर पंधरवड्याला रजिस्टरमध्ये उतरवून काढतो, कारण त्याचं खरडलेलं डॉक्टरीणबाईंना वाचता येत नाही. म्हणजे तो खरंच रोज बघत होता. दिवसातून चार वेळा. असाही माणूस असतो.

पेशी जिवंत आहेत हे ऐकून मी तिथेच खुर्चीत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, हेही लिहून ठेवतो.

आलोच आहोत तर ट्रायलचे सगळेच कागद बघतो, असं म्हणून ऑडिटबाईंनी पेशंटांच्या वह्याही मागितल्या. माझी वही सर्वांत नीटनेटकी. मीच पुढे होऊन दिली.

पुढची पानं आधीच भरलेली आहेत, हे बसमध्ये बसल्यावर आठवलं. मग विचार केला, वेळेआधी काम करणं हा गुन्हा कधीपासून झाला?

२४ सप्टेंबर

आज पेशी घरी परतल्या. दोन तास सलाइन. आत शिरताना स्पष्ट जाणवल्या, खांद्यातून थंड मुंग्या वर वर जात होत्या. नर्स म्हणाली, सलाइन गार असतं, सगळ्यांनाच तसं वाटतं. तिला काय कळणार, पेशी तिच्या नाहीत. चार वाजता उजवी करंगळी हलली. ही म्हणते, तिनं चादर ओढली म्हणून.

३० सप्टेंबर

अजून व्यायाम सुरू केलेला नाही. नवीन घरात आलेल्या माणसांना आठवडाभर तरी स्वस्थ बसू द्यावं. जागा बघतील, सामान लावतील.

५ ऑक्टोबर

हॉस्पिटलमधून बोलावणं. खोलीत डॉक्टरीणबाई, ऑडिटबाई आणि हवालदार. टेबलावर माझी वही आणि शेजारी तक्रारपेटीतलं पत्र. दोन्हींतली अक्षरं सारखीच डावीकडे कललेली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ऑडिटबाईंनी पानं उलटली. चोवीस सप्टेंबर: बासष्ट मिनिटं, चिमटे बारा. त्या दिवशी मी दोन तास सलाइन लावून आडवा होतो, आणि वही त्याच्या पाच दिवस आधीपासून त्यांच्या कपाटात होती. मी म्हणालो, आगाऊ नोंद. त्यांनी शेवटचं पान काढलं. एकतीस सप्टेंबर: पासष्ट मिनिटं. मी म्हणालो, एक दिवस जास्तीचा केला. कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. बारा जणांपैकी एकाची वही खोटी निघाली तर त्याच्यात जे काही होईल ते पेशींमुळे की व्यायामामुळे की कशामुळेच नाही, हे कधीच सांगता येणार नाही. म्हणून माझे आकडे बाद. उपचार आणि तपासणी चालू राहील, पण मोजणीत मी नाही. यापुढे अकराच.

टेक्निशियन सगळ्यांना चहा घेऊन आला. मलाही दिला, साखर विचारून. पत्राबद्दल एक शब्द बोलला नाही.

निघताना हवालदार एवढंच म्हणाली, तेही हळू आवाजात, "काका, मी तुमची वही सगळ्यांना दाखवत होते."

घरी येऊन हिला सांगितलं. हिनं ऐकून घेतलं. दोरीवरचे कपडे काढले, चिमटे मोजून टेबलावर ठेवले आणि आत गेली.

१२ ऑक्टोबर

संकल्प: उद्यापासून साठ मिनिटं. खरीखुरी.

१३ ऑक्टोबर

पाहुणे आले.

१५ ऑक्टोबर

टॉवेल वाळलेला नव्हता. ओलाच लागतो हे नंतर आठवलं.

१८ ऑक्टोबर

अकरा मिनिटं. चिमटा उघडतच नाही, बोटं नुसती त्यावर पडून राहतात. घामाघूम झालो. हे रोज साठ मिनिटं? ज्यानं ठरवलं त्यानं स्वतः करून बघितलंय का?

२६ ऑक्टोबर

शीतगृहातून फोन. माझ्या जागेवरचा माणूस दर दोन तासांनी खरंच आठही खोल्यांत फिरून आकडे लिहितो म्हणे. टिकायचा नाही. परीक्षेला आठ दिवस आहेत, पेशींचा जोर आता सुरू होईल.

३ नोव्हेंबर

परीक्षा. व्हॉल्व्हवर उजवा हात डाव्यानं उचलून ठेवला. सगळा जोर लावला. पाव फेरा. म्हणालो, तेल घालायला हवं, गंजलाय. कंपनीच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी फिरवून बंद केला. मग पेन. ते हातात राहिलं नाही. उचलून दिलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी दिलं नाही.

सोमवारपासून गेट.

ही बसस्टॉपवर वाट बघत होती. मी काही सांगायच्या आधीच तिनं माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटतं, त्याला ते कळलं. खरंच कळलं की तसं वाटलं, हे मला आता सांगता येत नाही.

१० नोव्हेंबर

तपासणी. बाकावर कंडक्टरबाई शेजारी येऊन बसल्या. मी पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून डाव्या हातानं झाकणाशी झटत होतो. त्यांनी ती घेतली, डाव्या हातात धरली, उजव्यानं झाकण फिरवून उघडली आणि परत दिली. उजव्यानं. झाकणही पडू दिलं नाही. मी बाटली धरून तसाच बसलो, पाणी प्यायचं राहूनच गेलं.

पेशींचा गुण का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंना अजून माहीत नाही, अकरा जणांचं सगळं संपल्यावर कळेल. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मला एवढं माहीत. तुमची वही ऐकली. म्हटलं, हा माणूस साठ करतो. मग मी का नाही? तेव्हापासून... रोज साठ."

बाराचे अकरा का झाले, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. गप्प बसता आलं असतं. त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, तसं या वर्षात माझ्याकडे कुणीच बघितलेलं नाही. तीन-चार मिनिटं मी ते तसंच राहू दिलं.

मग सांगितलं. मी एकही दिवस साठ केले नाहीत. सगळं बसून लिहिलेलं. ऑडिट ज्याच्यामुळे लागलं तो जागरूक पेशंटही मीच.

त्या शब्द शोधत होत्या की राग आवरत होत्या, कळेना. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे... तुमच्या वाटणीचे पण मीच केले."

आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

आत जाऊन हवालदारकडे नवी वही मागितली. ट्रायलसाठी नको, माझ्यासाठीच. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं. वही दिली नाही. एक कागद दिला, वर तारीख तिच्या अक्षरात. म्हणाली, हा भरून आणा, मग दुसरा.

घरी येऊन भरला. ही समोर बसली होती.

व्यायाम: सहा मिनिटं. चिमटे: एक. लागला, आणि पडला.